विरजण



मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दोन महिने इथे काही लिहिलं नव्हतं. आता अक्षरं पुन्हा आपापल्या जागेवर आली आहेत, आणि लिहायला निमित्तही मिळालं आहे. निमित्त भांडणाचं आहे, तेव्हा थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या गावचा गणपतीचा उत्सव नातेवाइकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. श्रीवर्धन तालुक्यातलं समुद्राकाठचं लहान गाव, नारळ-सुपारीच्या वाड्या, देवळासमोर मांडव. उत्सव पाच दिवसांचा. ऑर्केस्ट्रा नाही, भाड्याचा देखावा नाही. मखर गावातली पोरं करतात, नाटुकली गावातच लिहिली जातात, बायकांची गाणी बायकाच रचतात, एका रात्री जाखडी असते आणि मुलांचा एक हस्तलिखित अंक निघतो. पैसे कोणालाच मिळत नाहीत. मिळतो तो चहा, तोही बहुधा गार. ज्याच्या हातात जी कला आहे ती त्याने पाच दिवस गावाला द्यायची. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही काही वर्षं या सगळ्याची सूत्रं माझ्याकडे होती.

तर गेल्या रविवारी देवळात बैठक झाली. वर्गणी, मांडव, वीजजोडणी असे नेहमीचे विषय झाले आणि खरा दारूगोळा शेवटी निघाला. गेल्या वर्षी खाडीपलीकडच्या गावाने आमच्यासारखंच मखर केलं. मुलांचं नाटुकलंही आमचंच, फक्त पात्रांची नावं बदललेली. वर त्यांच्या मखराचा फोटो म्हणे सगळ्या व्हॉट्सअॅपवर फिरला आणि आमचं मखर राहिलं बाजूला! तरुण मंडळी चिडली होती. ठराव आला की यापुढे मखराचं काम बंद खोलीत करायचं, नाटकाची वही गावाबाहेर द्यायची नाही, तालमीचं मोबाइलवर चित्रण करायचं नाही. "गुरुजी, ही चोरीच ना?" असं मला विचारलं. मी उठलो, बोलायला लागलो, आणि खोकल्याची उबळ आली. "गुरुजी, तुम्ही पुढच्या रविवारी बोला," म्हणून बैठक संपली. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथे लिहितो. बैठकीतल्या निम्म्या लोकांची मुलं हे वाचतात, म्हणजे पोचेल.

माझी एक पुतणी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तिने मला मागे एकदा ओपन सोर्स म्हणजे काय ते समजावलं होतं. मी मराठी माध्यमाचा बी.ए., मला प्रोग्राम वगैरे काही कळत नाही. तिने सांगितलेली एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक गृहस्थ अमेरिकेत एमआयटीत काम करत. तिथे नवीन छपाईयंत्र आलं, त्यात कागद अडकायचा. जुन्या यंत्राचा प्रोग्राम त्यांनी स्वतः सुधारला होता, म्हणून नव्याचाही मागितला. मिळाला नाही. ज्याच्याकडे होता त्याने कोणाला न देण्याचा करार केला होता. यंत्र समोर, बिघाड समोर, दुरुस्त करायला माणूस तयार, आणि हात बांधलेले! त्या चिडीतून पुढे १९८३ साली त्यांनी सगळ्यांना उघडी असेल अशी प्रणाली लिहिण्याची घोषणा केली आणि १९८९ साली एक परवाना लिहिला. त्याचा मतितार्थ असा: हे घ्या, वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, पण देताना त्यालाही हीच मोकळीक द्या. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी तेही याच परवान्याखाली आणलं. तुमच्या-माझ्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तेच लिनक्स आहे.

हे ऐकल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, मग हे विरजणच की!"

तिला हसू आलं, पण मी ते गंभीरपणे म्हटलं होतं. आमच्या लहानपणी कोणाकडचं विरजण बिघडलं की पोराच्या हातात वाटी देऊन शेजारी पाठवत. शेजारीण चमचाभर ताक घालायची. तिचं काही कमी होत नसे. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी तुमच्या म्हशीच्या दुधाचं, तुमच्या घरच्या चवीचं दही. महिन्याभराने तिचंच विरजण बिघडलं तर ती वाटी घेऊन तुमच्याकडे. विरजण कोणी विकलेलं मी पाहिलं नाही, आणि "हे मूळ माझं" असं कोणी म्हटलेलंही ऐकलं नाही. एक मात्र आहे. तयार दही दिलं तर ते जेवणाबरोबर संपतं. उत्सवातसुद्धा नुसतं नाटक दाखवणं हे तयार दही झालं. वही, मखराचं रेखाचित्र, सामानाची यादी, कोणत्या दिवशी काय करायचं याचं टिपण, खर्चाचा हिशेब, हे सगळं देणं म्हणजे विरजण.

आता ज्या उत्सवात आपण 'चोरी' म्हणतोय, तो उत्सवच मुळात कसा वाढला ते बघा. पुण्यात पहिला सार्वजनिक गणपती कोणाचा, भाऊसाहेब रंगारींचा १८९२ सालचा की टिळकांच्या पुढाकाराचा १८९३ सालचा, यावर २०१७ साली पुण्यात चांगलाच वाद झाला. पालिकेने शतकोत्तर रौप्यमहोत्सव मांडला आणि रंगारी मंडळाने आपलं साल पुढे केलं. मी त्या वादात पडत नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट दिसते. १८९३ सालीच मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. पुण्याची परवानगी कोणी घेतली नाही, मागावी असंही कोणाला वाटलं नाही. मग आळ्या-आळ्यांतून, गावा-गावांतून लोक तेच करत गेले. कोणी मेळे काढले, कोणी व्याख्यानं ठेवली, कोणी नाटकं बसवली. १८९६ साली तर टिळकांनी आपल्या जिल्ह्यातल्या रायगडावर शिवजयंतीचा उत्सव घेतला, आणि तोही पुढे गावोगाव गेला. पुणेकरांनी तेव्हा "आमचा देखावा उचललात" म्हणून दार लावलं असतं, तर आज आपण कोणत्या मांडवात बसून भांडलो असतो?

जाखडीचंही तेच. मुंबईला कामाला गेलेले कोकणातले गडी कानात बाळी घालायचे, म्हणून या नाचाला बाल्या नाच म्हणतात. मध्ये गाणारे-वाजवणारे बसतात आणि पायात चाळ बांधलेले नाचे भोवती फिरतात. शाहीर काय करतो? चालू सिनेमाची चाल घेतो आणि त्यात पुराणातली कथा बसवतो. चाल ओळखीची, त्यामुळे शब्द लोकांच्या कानात लगेच शिरतात. शक्तीवाले आणि तुरेवाले रात्रभर एकमेकांना सवाल घालून नामोहरम करू बघतात, पण एक बाजू आली नाही तर दुसरीला गायला कारणच उरत नाही. आणि गाण्याच्या शेवटी शाहीर आपलं किंवा गुरूचं नाव गुंफतो. ते नाव कोणी काढत नाही. आपल्याकडे तीनशे-चारशे वर्षं अभंग असेच फिरले. वहीतून वहीत उतरले, गावोगावच्या चालींत म्हटले गेले, आणि 'तुका म्हणे' जिथल्या तिथे राहिलं. पुतणी सांगते, त्यांच्यातही असंच आहे. घ्या, बदला, पण लिहिणाऱ्याचं नाव पुसू नका. खाडीपलीकडच्यांकडून आपली खरी तक्रार एवढीच असायला हवी की लिहिणारीचं नाव त्यांनी घेतलं नाही. ही तक्रार रास्त आहे, आणि ती फोनवर दोन मिनिटांत मिटण्यासारखी आहे. (दुसऱ्याचं खुलं करायचा हक्क मात्र आपल्याला नाही. प्रसिद्ध नाटककाराचं नाटक आपलं म्हणून वाटता येत नाही. ते त्याचं आहे. आपण लिहिलेलं आपण द्यायचं.)

आता माझी गोष्ट सांगतो. ही मी बैठकीत सांगू शकलो असतो की नाही, कोण जाणे.

माझ्याकडे एक लोखंडी ट्रंक होती. माळ्यावर. त्यात सत्तावीस वर्षांचा उत्सव होता. अकरा नाटुकल्यांच्या वह्या, गाण्यांची बाडं, मखरांची चित्रं, हस्तलिखित अंक, पावतीपुस्तकं. किल्ली माझ्या कनवटीला. कोणाला काही हवं असलं की "गुरुजींना विचारा". मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? एका वर्षी माझा एक जुना विद्यार्थी आला. त्याची सासुरवाडी मुरूडकडची. तिथल्या पोरांसाठी त्याला कोळ्यांच्या पोरावरचं आमचं नाटुकलं हवं होतं. मी त्याला दिलं नाही. "तिथे नीट बसवणार नाहीत, वाट लावतील," असं काहीतरी बोललो. तो "बरं गुरुजी" म्हणून गेला. पुन्हा त्याने कधी काही मागितलं नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारी दोन-तीन तासांत आमच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. घरावरची कौलं गेली, मागच्या पडवीचा पत्रा रस्त्यापलीकडे जाऊन पडला. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी देवघराच्या कोपऱ्यात बसून होतो. ट्रंकेची आठवण मला चौथ्या दिवशी आली. उघडली तर आत लगदा. शाईच्या वह्या होत्या सगळ्या. निळं पाणी आणि कागदाचा गोळा. वीज यायला महिना गेला, तोवर अंधारात रोज तेच डोळ्यांपुढे यायचं. त्या वर्षी करोनामुळे मुंबईकर आले नाहीत, कार्यक्रमही झाले नाहीत. त्यामुळे हे कोणाला कळलंच नाही. मी सांगितलंही नाही.

पुढच्या वर्षी पोरांनी नाटक मागितलं तेव्हा सांगावं लागलं. मग शोधाशोध सुरू झाली. एक वही विरारला निघाली. तिथल्या चाकरमान्याने ती कधीतरी झेरॉक्स करून नेली होती. एक म्हसळ्याच्या एका शिक्षिकेकडे. तिसरी लग्न होऊन गेलेल्या आमच्या एका मुलीने गणिताच्या वहीत मागून पुढे उतरवलेली, मध्येच लसावि-मसावि. आणि चौथी कुठे निघाली माहीत आहे? खाडीपलीकडच्या गावात! त्यांनी ती कधी आणि कोणाकडून उतरवून घेतली, देव जाणे. माझ्याकडून नक्की नाही. शिवाय त्यांनी त्यात मासळीबाजारातली एक बाई वाढवली होती, आणि सांगायला लाज वाटते, पण तिच्यामुळे दुसरा प्रवेश माझ्यापेक्षा चांगला झाला होता. तुम्ही गेल्या तीन वर्षांत टाळ्या वाजवल्यात त्या त्या बाईला.

अकरांतल्या सात गेल्या. कोळ्यांच्या पोराचं गेलं. पहिला प्रवेश मला आठवतो, पुढचा नाही. त्या दिवशी मी ते दिलं असतं, तर मुरूडकडे कुठेतरी, कसंही का होईना, ते असतं. वाट लावलेलं असतं, पण असतं. टोरवाल्ड्सनी एकदा थट्टेत म्हटलं होतं की आपलं महत्त्वाचं सामान जपून ठेवण्यापेक्षा जगाला देऊन टाकावं, मग जगच त्याच्या प्रती ठेवतं. आपल्याकडे हे जरा वेगळ्या रीतीने सांगितलेलं आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली आणि ती तरली. कोणी तो चमत्कार मानतात, कोणी म्हणतात की ती लोकांना पाठ होती म्हणून तरली. माझ्या वह्यांची त्याच्याशी तुलना नाही, पण ट्रंक उघडल्यावर मला आठवली ती तीच गोष्ट.

म्हणून ठरावाला माझा विरोध आहे. पण खुलं करणं म्हणजे नुसतं दार उघडं टाकणं, असंही मी म्हणत नाही. मखराचंच घ्या. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमच्या पोरांनी पुठ्ठ्याचं मखर केलं. कमानीचा सांधा दर वर्षी कलायचा. नववीतल्या एका मुलीने चित्र बघून सुचवलं की डिंक लावण्याऐवजी पुठ्ठ्याला खाचा पाडून एकात एक बसवा. तिने ते चित्र पाहिलं, म्हणून तिला सुचलं. बंद खोलीत काम असतं तर ती बाहेर रांगोळी काढत बसली असती. त्याच वर्षी आणखी दहा जणांनी दहा सूचना केल्या, त्यांतल्या बहुतेक टाकाऊ होत्या (एक माझी होती). कोणती घ्यायची हे कोणीतरी ठरवावंच लागतं. लिनक्समध्येही आलेलं सगळं कोणी घेत नाही. सांभाळणारी माणसं पारखून घेतात. डेबियन म्हणून १९९३ साली सुरू झालेला त्यांचा एक मोठा प्रकल्प आहे, तिथे प्रमुख दर वर्षी मतदानाने निवडतात. आमच्याकडे मी किती वर्षं होतो ते वर लिहिलंच आहे. पटत नसेल त्याने वेगळी चूल मांडावी, याचीही तिथे मुभा असते. त्याला फोर्क म्हणतात. मला आधी जेवणाचा काटाच वाटला.

आपल्याकडे वेगळी चूल म्हणजे वैर. पण तसं नसावं. प्रबोधनकार ठाकरे आपल्याच जिल्ह्यातल्या पनवेलचे. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही पूजेचा हक्क हवा म्हणून ते, डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर बोले उभे राहिले. नाव सार्वजनिक, पण मूर्तीजवळ जाण्याचा हक्क सर्वांना नाही, असा तो प्रकार होता. त्या वादानंतर प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. ती वेगळी चूल मांडली गेली हे बरंच झालं.

आणि याच बोल्यांचा १९२३ सालचा मुंबई कायदेमंडळातला ठराव होता, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर. प्रत्यक्षात पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला, आणि त्यानंतर काय मारहाण झाली ते महाडला अजून सांगतात. खुलं आहे असं म्हणणं आणि खुलं असणं यात केवढं अंतर असतं, ते आपल्या जिल्ह्याला वेगळं शिकवायला नको.

तरी मी ते शिकलो नव्हतो. आमच्या उत्सवाच्या फलकावर दर वर्षी मीच सुवाच्य अक्षरात लिहायचो, 'कार्यक्रमात सर्वांना सहभाग खुला आहे'. कातकरवाडीतलं एकही पोर कधी रंगमंचावर आलं नाही. ती शाळेत माझ्यासमोर बसत होती, नकला करण्यात एकेक जण पटाईत. पण तालीम रात्री नऊला देवळात, वाडी दोन किलोमीटर लांब, आणि 'या' म्हणून त्यांच्या दारात कोणी गेलेलं नाही. फलक वाचून कोण येतं? २०२२ साली शाळेतल्या नव्या बाईंनी तालीम दुपारी शाळेच्या पडवीत आणली आणि चार पोरं आली. एवढं साधं होतं. मला ते सत्तावीस वर्षांत सुचलं नाही.

एक शंका बैठकीत येणारच, तेव्हा आधीच लिहितो. सगळं सगळ्यांचं झालं की कोणाचंच राहत नाही, घेणारे पुष्कळ आणि सतरंज्या उचलणारे तेच तिघं. हे खरं आहे. या संगणकवाल्यांनाही हे भोवलं. इंटरनेटवरचे कितीतरी व्यवहार सुरक्षित ठेवणारा ओपनएसएसएल नावाचा खुला प्रोग्राम आहे. २०१४ साली त्यात मोठं भगदाड सापडलं, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की तो सांभाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. वापरत होतं सगळं जग. उघडं ठेवल्याने सतरंज्या आपोआप उचलल्या जात नाहीत. याला माझ्याकडे मोठं उत्तर नाही. इतकंच सुचतं की सतरंज्या उचलण्याचं कामही यादीत लिहावं, त्यापुढे नावं लिहावीत, आणि शेवटच्या दिवशी आभार मानताना त्या नावांपासून सुरुवात करावी. सध्या आभार अध्यक्षांपासून सुरू होतात आणि सतरंजीपर्यंत पोचेस्तोवर लोक घरी गेलेले असतात.

येत्या रविवारी मी एवढंच मागणार आहे. उरलेल्या चार वह्या आणि इतक्या वर्षांत नवीन झालेलं सगळं पोरांनी फोनवर काढून घ्यावं, आणि एकेक झेरॉक्स शाळेत, वाचनालयात आणि विरारच्या मंडळींकडे ठेवावी. पहिल्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव, आणि खाली एक ओळ, की कोणीही करावं, बदलावं, नाव ठेवावं, आणि बदललेलं आम्हालाही पाठवावं. हिशेबाची वही मांडवात टांगलेली असावी. आणि सूत्रधार दोन वर्षांनी बदलावा, तो कितीही चांगला असला तरी.

काल संध्याकाळी मी खाडीपलीकडच्या त्यांच्या सूत्रधाराला फोन केला. आधी तो जरा घाबरला, गुरुजींचा फोन म्हणून. नाटुकल्याचं नाव घ्यायचं राहिलं हे त्याने लगेच कबूल केलं. या वर्षी घेणार आहेत. मग म्हणाला, मखर तुमचंच होतं, पण तुमच्या खाचेत कमान पावसाळी हवेने फुगून अडकत होती, म्हणून आम्ही खाचेला बांबूची कामटी लावली. मी विचारलं, कशी? तो म्हणाला, फोनवर नाही सांगता येणार गुरुजी, बघायला या.

मंगळवारी जातोय. ती खाचा सुचवणारी मुलगी आता कॉलेजात आहे, तिलाही सुट्टी आहे, ती बरोबर येते म्हणाली.